खाल्लेला नमुना

शीताईच्या घरात शेंगदाणा येत नाही. भाजून नाही, कुटून नाही, कुणाच्या खिशात चुकून राहिलेला तर मुळीच नाही. तिचा नवरा औषधाच्या दुकानात कंपाउंडर आहे आणि खारे दाणे म्हणजे त्याचा जीव की प्राण. तो बिचारा दुकानातून निघताना पुडी घेतो, चालता चालता संपवतो, फाटकाशी शर्ट झटकतो आणि साळसूद चेहऱ्याने घरात शिरतो.

"कुठे खाल्लेत?" ती आतूनच विचारते.

"काय खाल्लं?"

"तोंड उघडा."

"अगं, मी तुझा नवरा आहे, नमुना नाही."

"नमुन्याला मी बरी वागवते. आधी चूळ भरा, मग बोला."

हे शेंगदाण्याचं तिला जन्मापासूनचं नाही. जन्मापासूनच्या खोडी वेगळ्या, आणि त्या इतक्या की आत्याने पाळण्याजवळ उभं राहूनच हात टेकले होते. दूध तोंडाशी नेलं की आधी नाक पुढे यायचं. कुणी तिच्या ताटातला घास उचलला तर ताट त्याचं झालं. भावाने तिच्या पेल्याला ओठ लावले म्हणून ती अख्खी दुपार तहानलेली राहिली होती. बोलायला लागल्यावर तिने पहिला शब्द उच्चारला तो 'आई' नव्हता, 'शी' होता, असं आत्या सांगते. आत्याच्या सांगण्यातलं निम्मं सोडून दिलं तरी नाव मात्र चिकटलं. खरं नाव कचेरीच्या हजेरीत आहे, तिथे ते सुखात आहे. बाकी जगाला ती शीताई.

आणि अशा बाईला नोकरी मिळाली ती बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत, उगवणीच्या टेबलावर. म्हणजे काम काय, तर विक्रीला जाणाऱ्या बियाण्याचा नमुना येतो, त्यातले दाणे ओल्या कागदावर मांडायचे, कागद गुंडाळायचा, उबदार खोलीत उभा करून ठेवायचा आणि ठरल्या दिवशी उलगडून बघायचं, किती दाण्यांना धड मोड आले आणि किती सडले. सडतात ते कसे सडतात हे ज्याने बघितलं नाही त्याने बघूही नये. दाण्याचं पातळ खरकटं होतं. वर उंदराच्या पिलाच्या अंगासारखी करडी लव येते. कागद उलगडला की ओल्या मोज्यांचा वास येतो, आणि तो कोटाला, केसांना, डब्यातल्या जेवणाला लागतो. शीताई नाकाला रुमाल बांधून, चिमटा हातभर लांब धरून, मान वाकडी करून मोजायची. पण मोजायची. चिमटे उकळायची, तबकं तीनदा धुवायची, उबदार खोलीची फरशी स्वतः पुसायची. तिच्या टेबलावर सडलेला दाणा दिसला तर तो बियाण्याच्या दोषानेच सडलेला असायचा, घाणीने नाही. साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "आमच्या ताईंची किळस हीच आमची गुणवत्ता."

त्या कचेरीत एक रीत होती. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग कापडी पिशवीत शिवून, लाखेची मोहोर मारून, पत्र्याच्या डब्यात राखून ठेवायचा. उद्या कुणी तक्रार केली की बियाणं उगवलं नाही, तर हा राखीव नमुना उघडायचा आणि पुन्हा तपासायचा. तोच शेवटचा साक्षीदार. मुदत संपली की तो नष्ट करायचा. आता नष्ट करायचा म्हणजे जाळायचा, असं नियम सांगतो. पण भुईमुगाच्या शेंगा कोण जाळतं? त्यांना ना औषध चोळलेलं असतं, ना रंग लावलेला. शिपाईमामा मुदत संपलेल्या शेंगा भट्टीत टाकायचे. भट्टी म्हणजे बियाण्यातला ओलावा मोजायची विजेची भट्टी, पंचाईत एवढीच की तिच्यात शेंगा फार खरपूस भाजल्या जायच्या. दुपारच्या चहाला साहेबांसकट सगळी कचेरी टरफलं फोडत बसायची. रिकामे डबे चहा-साखरेला. इतकी वर्षं चाललेलं होतं, की नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात मुतारी कुठे आणि शेंगा कधी, हे दोन्ही एका दमात सांगितलं जायचं.

शीताई अर्थातच खायची नाही. दहा जणांचे हात एका कागदावर. शी.

ज्या वर्षी हे घडलं, त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर तिची आई पडली आणि शीताईला पंधरवडाभर रजा काढावी लागली. परत आली तेव्हा उबदार खोलीच्या दारातच तिला वास आला. भुईमुगाच्या एका लॉटच्या, म्हणजे कंपनीच्या एका खेपेच्या, गुंडाळ्या तशाच उभ्या होत्या. वरच्या दोन कुणीतरी उलगडून बघितलेल्या, बाकीच्यांना कुणी हातही लावलेला नाही. खालून काळं पाणी झिरपून तबकात साचलं होतं.

"याचा निकाल?" तिने नाकावर हात धरून विचारलं.

"गेला की," शिपाईमामा म्हणाले. "कंपनीचा माणूस दारात गाडी लावून बसला होता. साहेबांनी दोन बघितल्या, म्हणाले उत्तम आहे, आणि पत्र दिलं."

"बाकीच्या?"

"बाकीच्या तुमच्यासाठी ठेवल्या, ताई. तुमच्याशिवाय कोण हात लावणार त्या घाणीला?"

तेव्हा तिने उलगडायला हव्या होत्या. हे तिला तेव्हाही माहीत होतं. पण त्या काळ्या पाण्याची इतकी किळस आली, की तिने मनाला समजावलं, इतके दिवस ओल्यात राहिल्यावर चांगला दाणाही सडणारच. दोन बोटांत धरून सगळ्या गुंडाळ्या कचऱ्यात टाकल्या, तबक तीनदा धुतलं, हात पाचदा. शिपाईमामा तिच्यासाठी साबण घेऊन उभे होते.

त्याच सुमाराला नमुन्यांच्या खोलीला चुना दिला. मजुरांनी फळ्यांवरचे डबे काढून व्हरांड्यात रचले आणि नंतर पुन्हा आत मांडले, पण डावीकडचे उजवीकडे. शिपाईमामांच्या डोक्यात मात्र वर्षानुवर्षांचं पक्कं होतं. डावीकडे चालू, उजवीकडे मुदत संपलेले. त्यांनी उजवीकडचा डबा काढला, मोहोर फोडली, भट्टी लावली.

आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, शीताईने चार शेंगा खाल्ल्या. आईच्या दुखण्यात जेवणाचं काही खरं नव्हतं, डबा आणलेला नव्हता, आणि भट्टी तिने सकाळीच स्वतः पुसली होती. मामांनी तिच्यासाठी पहिल्या काही शेंगा वेगळ्या काढून काचेच्या बशीत आणल्या.

"कुणीही शिवलेलं नाही, ताई. माझ्या आईची शपथ."

पहिला दाणा बरा लागला. दुसरा खवट. तिसरा इतका खवट, की तिने कागदात थुंकला.

"मामा, खवट आहेत हो."

"जुना माल आहे, खवट असणारच. साहेबांना चालतंय बघा."

साहेबांना खरंच चालत होतं. ते एका हाताने फाइल वाचत होते आणि दुसऱ्याने टरफलं फोडत होते.

पेरण्या झाल्या, आणि थोड्याच दिवसांत कचेरीत दोन बायका येऊन बसल्या. नणंद-भावजय. भाऊ लांब कुठेतरी सूतगिरणीत होता, शेत या दोघींचं. नणंद बोलायची आणि भावजय तिचं बोलणं संपायची वाट बघत पिशवीचा बंद पिळायची.

"उगवलं नाही म्हणजे किती नाही?" शीताईने विचारलं.

"ताई, टकलावर केस असतात ना, तितकं आहे," नणंद म्हणाली. "वहिनी, दाखव."

भावजयीने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर उघडला. मातीतून उकरून आणलेले दाणे. मऊ, काळपट, एकाला एक चिकटलेले. तोच वास. शीताई खुर्चीसकट मागे सरली.

"दुकानदार म्हणतो, तुम्ही खोल पेरलं," भावजय हळूच म्हणाली. "कंपनीवाला म्हणतो, पाणी जास्त दिलंत. वन्सं म्हणाल्या, तपासणीवाल्यांकडे जाऊ."

"अजून जमिनीत ओल आहे," नणंद म्हणाली. "कंपनीने आठवड्याभरात चांगलं बी बदलून दिलं, तर पुन्हा पेरता येईल. ओल गेली की वर्ष गेलं. तुमचा तो राखीव नमुना उघडा, म्हणजे झालं. त्यात बी खराब निघालं की कंपनीला तोंड राहणार नाही."

तिने स्वतः एक घोट घेऊन पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या. किती वेळ बोलतोय आम्ही, तुमचाच घसा सुकला असेल."

"नको. मी कुणाचं पाणी पीत नाही."

नणंदेने भावजयीकडे बघितलं, आणि दोघींचे चेहरे एकदम निवळले.

"बघितलंस, वहिनी? दुकानदाराने चहा पाजला, कंपनीवाल्याने बिस्किटं दिली. ही बाई पाणीसुद्धा घेत नाही. म्हणजे कुणाची मिंधी नाही. ताई, डबा तुमच्या हातानेच उघडा. तुम्ही जे सांगाल ते आम्हाला कबूल."

शीताईला सांगावंसं वाटलं, की बाई गं, ते तत्त्व नाही, थुंकी आहे. पण असं कुणाला सांगतात का?

दोघी गेल्यावर तिने तक्रारीवरचा लॉटचा आकडा वाचला. तो ओळखीचा वाटला. अगदी रोज दिसत असल्यासारखा. तेवढ्यात मामांनी चहा आणून ठेवला, शेजारी साखरेचा डबा. डब्याच्या पोटावर चिठ्ठी होती. मामांनी ओल्या फडक्याने पुसून पुसून ती अर्धी उडवली होती, पण आकडा शाबूत होता.

तिने चमचा खाली ठेवला. घशात तो खवटपणा असा वर आला, जणू आत्ताच दाणा चावला. जुना माल कसला? ते याच वर्षीचं बियाणं होतं. या वर्षीचं म्हणून विकलेलं, आणि आत खवट. कुणीतरी दोन-तीन वर्षं गोदामात सडवलेल्या शेंगा नव्या पिशवीत भरल्या होत्या. त्याच लॉटच्या गुंडाळ्यांत असलेला पुरावा तिच्या कचऱ्यात गेला होता, आणि उरलेला तिच्या जिभेवर होता.

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी साखरेचा डबा उचलून चिठ्ठी वाचली.

"मी काय लिहू आता अहवालात? नमुना चविष्ट होता?"

"चविष्ट नव्हता. खवट होता."

"ताई, विनोद नको." साहेबांनी दार लोटून घेतलं. "बाजारातून शेंगा आणू. मामा पिशवी शिवतील, लाख आपल्याकडे आहे, चिठ्ठी मी करतो. सगळ्यांच्या समोर उघडू. तपासणीत उगवल्या की विषय संपला."

"उगवणारच ना त्या. ताज्या असणार. मग दोष त्या दोघींचा."

"कुणाचा तरी होणारच. मामांना निवृत्तीला वर्ष राहिलंय. त्यांना घालवायचंय का तुम्हाला? आणि खाणाऱ्यांत तुम्हीही होतात, बरं का. बशी वेगळी होती, एवढंच."

ते तिला पुढ्यात बसवून समजावत होते, आणि तिचं लक्ष त्यांच्या मिशीकडे होतं. मिशीत टरफलाचा एक लालसर कपटा अडकला होता. शी, तिच्या मनात आलं. पण एरवी या शब्दाने मोकळं वाटायचं, तसं वाटलं नाही.

घरी तिने जेवणाआधी दात घासले, जेवली नाही, आणि पुन्हा दात घासले.

"जीभ झिजेल गं," नवरा म्हणाला. "झालंय काय?"

तिने सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता हसायला लागला, आणि तिचा चेहरा बघून थांबला.

"आमच्या दुकानात तारीख गेलेल्या गोळ्या कुणी नव्या बाटलीत भरल्या, तर मी काय करेन?" त्याने विचारलं.

"काय कराल?"

"खरं सांगू? आधी घाबरेन. मालक आहे, नोकरी आहे. मूग गिळून बसेन एखादा दिवस."

"आणि मग?"

"मग बाहेरचं खाऊन आलो की विचारतेस तसं तू विचारशील, कुठे खाल्लेत, तोंड उघडा."

ती हसली नाही. "त्या बाईला वाटतं मी स्वच्छ आहे," ती म्हणाली. "मी पाणी घेतलं नाही म्हणून. अहो, मी गुंडाळ्या मोजल्या असत्या तर हे काहीच झालं नसतं. मला घाण वाटली म्हणून मी घाण झाकली. साहेब तरी आणखी काय करतायत?"

नमुना उघडायच्या दिवशी सगळे टेबलाभोवती जमले. साहेब, कंपनीचा माणूस, हातात हात धरून नणंद-भावजय, दाराशी मामा. कंपनीच्या माणसाने सगळ्यांसाठी खोका भरून बर्फी आणली होती आणि तो स्वतःच बोटं चाटत होता. मधोमध डबा. पिशवी नवी कोरी, लाख चकचकीत, अजून तिचा वाससुद्धा गेलेला नव्हता.

"आधी तक्रारदारांनी मोहोर बघून घ्यावी," साहेब म्हणाले. "शाबूत आहे, असं इथे अंगठा किंवा सही."

"आम्हाला सही येते," भावजय म्हणाली. एवढं एकच वाक्य ती जरा जोरात बोलली. मग तिने पेन घेऊन शीताईकडे बघितलं. "करू ना, ताई?"

साहेब खोकले. मामांनी खाली बघितलं.

समोर काहीही सडलेलं नव्हतं, टेबल लख्ख होतं, शेंगा टपोऱ्या होत्या. इतक्या स्वच्छ टेबलाची इतकी किळस शीताईला कधीच आली नव्हती.

"करू नका," ती भावजयीला म्हणाली. "हा तुमचा नमुना नाही. तुमचा आम्ही खाल्ला."

कंपनीच्या माणसाचं बोट तोंडातच राहिलं.

"खाल्ला म्हणजे?" नणंदेने विचारलं.

"भाजून. चहाबरोबर. चुकीचा डबा उघडला गेला. आधी हे जाणूनबुजून नव्हतं. ही पिशवी मात्र परवा शिवलीय, ती जाणूनबुजून. मीही खाल्लेत. खवट होते, म्हणजे बी जुनं होतं. पण माझ्या जिभेवर कुणी निकाल देणार नाही."

"ताईंची तब्येत बरी नाही," साहेब म्हणाले. "आईच्या आजारपणामुळे..."

"आई बरी आहे," शीताई म्हणाली. "साहेब, लॉट बाजारात आहे. दुकानात न उघडलेली पोती असतील, तर निरीक्षकाला आजच पाठवून त्यांचा नमुना घेता येईल. फक्त राखीव नमुना गेला, असं लिहून द्यावं लागेल. मी लिहून देते."

कंपनीच्या माणसाने खिशातून फोन काढला आणि तो खोलीबाहेर पडायला निघाला. शीताईच्या ते लक्षात यायच्या आत नणंदेच्या लक्षात आलं.

"वहिनी, दुकानात सहा पोती होती ना काल?"

"सात."

"तू इथे थांब, यांच्याकडून लिहून घे. मी जाते आणि पोत्यांवर बसते. निरीक्षक येईपर्यंत मला कोण उठवतंय बघू." दाराशी तिने मामांना बाजूला सारलं, मग वळून म्हणाली, "आणि ताई, तिखट-मीठ काहीतरी टाकून खायचं होतं हो. नुसतंच खाल्लंत?"

ती खरंच बसली. दुकानदाराने आधी विनवण्या केल्या, मग पंखा लावला. निरीक्षक संध्याकाळी पोचला तेव्हा पाच पोती तिच्याखाली होती आणि दोन तिच्या पायाखाली.

शीताईने त्या नमुन्याच्या गुंडाळ्या स्वतः मांडल्या. ठरल्या दिवशी नणंद-भावजयीसमोर उलगडल्या. रुमाल बांधला नाही, मान वाकडी केली नाही. वास थेट मेंदूत गेला. करडी लव, पातळ खरकटं, मधूनच एखादा पांढरा मोड, वाट चुकल्यासारखा. शंभरातले सत्तर तरी उगवायला हवेत. तिने एकेक दाणा चिमट्याने उलटवून मोजला, पुन्हा मोजला, आणि सव्वीस सांगितले. मग बाहेर जाऊन ओकली, तोंड धुतलं आणि परत येऊन सही केली.

कंपनीने बी बदलून दिलं, पण वाद घालून घालून. तोवर निम्म्या शेतातली ओल गेली होती. त्या निम्म्यात दोघींनी दुसरं काहीतरी पेरलं, आणि नणंद त्याबद्दल आजही शिव्या देते. मामांना कडक पत्र मिळालं, नोकरी राहिली. साहेबांनी भट्टीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, जणू दोष भट्टीचा होता. शीताईला ते आता 'ताई' म्हणत नाहीत, 'बाई' म्हणतात. चहाला कुणी तिला बोलावत नाही. तिला त्याचं दुःख नाही. दहा जणांचे हात.

पण त्या सव्वीसच्या दिवशी, सही झाल्यावर, नणंदेने पिशवीतून बाटली काढून तिच्यासमोर धरली होती.

"घ्या. ओकून आलात, तोंड कडू झालं असेल."

"नको. मी कुणाचं..."

"अहो, आमचं बी खाल्लंत," नणंद म्हणाली, "आणि आमचं पाणी चालत नाही होय?"

भावजय पहिल्यांदाच मोठ्याने हसली. शीताईने बाटली घेतली. कोटाच्या टोकाने तिचं तोंड पुसलं. दुसऱ्या टोकाने पुन्हा पुसलं. मग उजेडात धरून आत बघितलं.

"वरून पिते," ती म्हणाली.